तुरीच्या शेंगेत बी कसे घडते, ते पाहण्याची रीत
मराठवाड्यात तूर फुलोऱ्यात आली की एकाच झाडावरून नुकतेच सुकलेले फूल आणि भरलेली शेंग खुडावी. फुलातील अंडाशय ब्लेडने अलगद उभे चिरल्यास भिंगाखाली एका ओळीतील इवली बीजांडे, म्हणजे पुढे बी होणारे कण, दिसतात. प्रत्येक बीजांडात परागनलिकेतून (परागकणातून वाढलेल्या नळीतून) आलेल्या दोन पुंयुग्मकांपैकी (नर पेशींपैकी) एक अंडपेशीशी मिळून युग्मनज, म्हणजे भ्रूणाची पहिली पेशी, होतो, तर दुसरा बीजांडाच्या मधल्या पेशीतील दोन ध्रुवीय केंद्रकांशी मिळून भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला अन्न पुरवणारा भाग, घडवतो. हे द्विफलन (दुहेरी फलन) रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये उलगडले. तुरीचा भ्रूण वाढतानाच भ्रूणपोष संपवतो, म्हणून शेंगेतील दाण्याचे टरफल, म्हणजेच बीजांडाचे जुने आवरण, सोलल्यावर आपल्या वरणाची डाळ होणारी दोन बीजपत्रे हाती येतात. त्यांच्यामधला नाजूक अंकुर अवश्य पाहावा. ज्वारीत मात्र भ्रूणपोष टिकतो, आणि भाकरीचे पीठ मुख्यतः त्याचेच असते.