फ्रॉस्टग्रेव्हसाठी दहा मिनिएचरची टोळी कशी उभारावी

टेबलावरच्या मोठ्या युद्धखेळात शंभर सैनिकांच्या मागच्या रांगेतला भालाईत कसा दिसतो, याकडे फारसे कोणी पाहत नाही. चकमकीच्या खेळात मात्र प्रत्येक बाजूला दहा-पंधराच आकृत्या असतात, त्यामुळे प्रत्येक मिनिएचर, म्हणजे खेळातली छोटी मूर्ती, ही एक स्वतंत्र व्यक्ती ठरते आणि ती निवडण्यात, जोडण्यात व रंगवण्यात जितके लक्ष घालावे तितके ते खेळताना दिसून येते. अशी पहिली टोळी उभारण्यासाठी मी निःसंकोचपणे फ्रॉस्टग्रेव्ह हा खेळ सुचवीन. ऑस्प्रे या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने तो २०१५ साली प्रसिद्ध केला आणि २०२० साली त्याची सुधारित दुसरी आवृत्ती आली. शतकानुशतके बर्फाखाली गाडलेल्या जादूगारांच्या नगरीत खजिना शोधणाऱ्या टोळ्या, एवढेच त्याचे कथानक आहे. नियमांना कोणत्याही कंपनीची मिनिएचर चालतात, आणि दुरून मागवाव्या लागणाऱ्या या छंदात ही मोकळीक फार मोलाची आहे. १९९९ सालचा मॉर्डहाइम हा याच जातीचा जुना खेळ आजही खेळला जातो. पुढे सांगितलेले बहुतेक सारे त्यालाही लागू पडते.

खरेदीच्या आधी टोळी कागदावर तयार करावी. दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार, हवा असल्यास एक शागीर्द आणि जास्तीत जास्त आठ सैनिक असतात, म्हणजे फार तर दहा आकृत्या. सुरुवातीला हाती ४०० सुवर्णमुद्रा असतात आणि कसबी, महागड्या सैनिकांची संख्या चारपर्यंतच ठेवता येते. गुंड आणि चोर या दोन साध्या प्रकारांना मुद्रा मोजाव्या लागत नाहीत, त्यामुळे गरिबातली गरीब टोळीही पूर्ण संख्येने मैदानात उतरू शकते. पहिल्या टोळीसाठी तीन-चार गुंड-चोर, दोन तिरंदाज किंवा क्रॉसबोवाले, एक-दोन तलवारबाज आणि एखादा शूर सरदार अशी वाटणी समतोल ठरते.

त्याहूनही आधी ठरवायची गोष्ट म्हणजे जादूगाराची शाखा. अशा दहा शाखा आहेत आणि शाखेवरून मंत्र ठरत असल्यामुळे कोणती जादा मिनिएचर लागतील हेही तिथेच ठरते. नेक्रोमॅन्सर निवडला तर प्रेत उठवण्याचा मंत्र बहुधा घेतला जाईल, म्हणजे एक झाँबी जवळ हवा. विच निवडली तर प्राणी-साथीदार बोलावण्याचा मंत्र मिळतो आणि मग अस्वल, लांडगा किंवा हिमबिबट्या यांपैकी एक आकृती लागते. एन्चँटरला दगड-लोखंडातून उभा केलेला चालता पुतळा हवा. ही यादी लिहून झाली की दुकानातल्या सुंदर पण निरुपयोगी ड्रॅगनकडे नजर वळण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

प्रत्यक्ष खरेदीत दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या पेट्यांचा. नॉर्थ स्टार ही इंग्लंडमधील कंपनी याच खेळासाठी अशा पेट्या काढते. सैनिकांच्या पेटीत वीस, तर जादूगारांच्या पेटीत आठ आकृत्या होतील इतके भाग असतात. डोकी, हात, शस्त्रे, पिशव्या वेगवेगळ्या असल्याने आणि एका पेटीतले भाग दुसऱ्या पेटीतल्या धडांना सहसा बसत असल्याने एकाच साच्यातून आलेले दोन सैनिकही वेगळे दिसतात. सैनिकांची आणि जादूगारांची एकेक पेटी दोन मित्रांत वाटून घेतली तर दोन्ही टोळ्या त्यातच पुऱ्या होतात, शिवाय परदेशातून मागवण्याचा टपालखर्च आणि सीमाशुल्क विभागले जाते. दुसरा मार्ग सुट्या मिनिएचरचा. अमेरिकेतील रीपर कंपनीची बोन्स ही लवचीक प्लॅस्टिकमधील मालिका, कुठल्याही कंपनीची धातूची मिनिएचर किंवा ओळखीच्या माणसाकडून थ्रीडी प्रिंटरवर काढून घेतलेल्या रेझिनच्या आकृत्या यांतून एकेक व्यक्तिमत्त्व वेचता येते. माझ्या मते सैनिक पेटीतून घ्यावेत आणि जादूगार व त्याचा प्राणी मात्र मनापासून आवडेल तो, वेगळा निवडून घ्यावा.

निवडताना मापाकडे लक्ष द्यावे. २८ मिलिमीटर हे प्रचलित माप साधारणपणे पायाच्या तळव्यापासून डोळ्यांपर्यंतचे मानतात, पण एका कंपनीचे २८ दुसरीच्या ३२च्या जवळ जाते. उंचीतला थोडा फरक खपून जातो, कारण माणसे उंच-बुटकी असतातच; डोक्याचा आणि तळहातांचा आकार मात्र दुप्पट दिसू लागला की टोळी एका जगातली वाटत नाही. दुसरी गोष्ट शस्त्रांची. नियमांत तिरंदाज म्हणून घेतलेल्या आकृतीच्या हातात धनुष्यच असावे, म्हणजे समोरच्या खेळाडूला दर वेळी विचारावे लागत नाही. खेळात सैनिक कायमचे मरतात आणि त्यांच्या जागी नवे भाडोत्री येतात, म्हणून पेटीतल्या उरलेल्या धडांतून दोन-तीन राखीव आकृत्या आधीच जोडून ठेवाव्यात.

जोडणीत गोंद चुकला की सगळेच चुकते. कडक पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकसाठी प्लॅस्टिक सिमेंट वापरावे. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करते. धातू, रेझिन आणि बोन्ससाठी ते निरुपयोगी आहे, तिथे फेविक्विकसारखा झटपट गोंद लागतो. धातूचा जड हात नुसत्या गोंदावर टिकत नाही. एक मिलिमीटरच्या हातड्रिलने दोन्ही बाजूंना भोक पाडून त्यात पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा बसवावा. मधली फट एम-सीलने बुजवता येते. साच्याची बारीक रेघ पात्याच्या मागच्या धारेने हलकेच खरवडून काढावी, कारण रंग लागल्यावर ती अधिकच उठून दिसते. बोन्सची वाकलेली तलवार उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात मिनिटभर धरून सरळ करावी आणि लगेच थंड पाण्यात बुडवावी. रेझिन घासताना ते ओले ठेवावे आणि मास्क लावावा. ती धूळ फुप्फुसात जाऊ देण्याजोगी नाही.

रंगापूर्वी प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात स्प्रे वापरू नये. दमट हवेत त्याचा थर खरखरीत किंवा पांढुरका होतो. त्या महिन्यांत ब्रशने लावायचा प्रायमर बरा. बोन्सवर काही स्प्रे प्रायमर कायमचे चिकट राहतात, म्हणून त्यावर साबणाने धुतल्यानंतर पाणी न घालता अ‍ॅक्रिलिक रंगाचा पहिला हात ब्रशनेच द्यावा. कॅमलचे ट्यूबमधले रंग दगडांना आणि बेसला, म्हणजे आकृतीच्या पायाखालच्या चकतीला, उत्तम चालतात, पण चेहऱ्यावर ते जाडसर बसतात. चेहरे, हात आणि जादूगाराचा झगा यांसाठी व्हायेहोसारख्या कंपनीच्या खास मिनिएचर रंगांच्या पाच-सहा बाटल्या घ्याव्यात. संपूर्ण टोळीत एक रंग समान ठेवावा. मातकट, करड्या कपड्यांत प्रत्येकाच्या अंगावर कुठेतरी एक गडद किरमिजी वस्तू असली, कोणाचा कमरपट्टा, कोणाचे मफलर, कोणाच्या बाणांची पिसे, की गणवेश न घालताही ही माणसे एकाच जादूगाराची आहेत हे टेबलापलीकडून ओळखू येते. सुरुवात गुंडांपासून करावी आणि हात बसल्यावर शेवटी जादूगार घ्यावा.

बेसवरचा बर्फ हा या खेळाच्या टोळीचा प्राण आहे, म्हणून त्यासाठी सवड काढावी. २५ मिलिमीटरच्या गोल बेसवर फेविकॉल लावून वाळू आणि एक-दोन बारीक खडे चिकटवावेत, ते गडद करडे रंगवून त्यांवर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट करडा फिरवावा. यानंतर संपूर्ण मिनिएचरवर मॅट वार्निश द्यावे. बर्फ त्याच्या नंतरच घालावा, नाहीतर त्याची चमक जाते. बर्फासाठी अनेक जण खाण्याचा सोडा सुचवतात, पण तो काळाने पिवळा पडतो. आपल्याकडची पांढरी रांगोळी ही दगडाचीच पूड असल्याने या कामाला कितीतरी सरस आहे. चाळलेली रांगोळी, फेविकॉल आणि पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग एकत्र करून श्रीखंडाइतके दाट मिश्रण करावे आणि टूथपिकने खड्यांच्या एकाच बाजूला व बुटांच्या टाचेशी साचवावे. वारा एका दिशेने वाहतो आहे असा भास त्यातून निर्माण होतो. ओलसर असतानाच वरून चिमूटभर कोरडी रांगोळी भुरभुरली की ताज्या बर्फाचा पोत येतो. दहाही बेसवर ही दिशा सारखी ठेवण्याची गरज नाही, कारण आकृत्या खेळात सतत वळत असतात.

तयार टोळी ने-आण करण्यासाठी प्रत्येक बेसच्या तळाशी लहान निओडिमियम चुंबक बसवून आकृत्या धातूच्या डब्यात उभ्या ठेवाव्यात. स्वयंपाकघरातले अनेक स्टीलचे डबे चुंबकाला धरत नाहीत, त्यामुळे डबा आधी चुंबक लावून पाहावा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा बहुधा चालतो, फक्त झाकण लावल्यावर जादूगाराची काठी वर टेकत नाही ना, हे आधी तपासावे.