खुडूक कोंबडीखाली आणलेली पिल्लं सोडण्याआधी

मार्गशीर्ष लागला, धानाची मळणी आटोपली, की आमच्या भंडाऱ्याकडच्या गावात घरोघरी एखादी तरी कोंबडी खुडूक (अंडी उबवायला) बसलेली असते आणि त्याच सुमारास उबवणी केंद्रातली पिल्लंही गावात येऊ लागतात. बल्बखाली पिल्लं वाढवायची तर रात्री लाइन गेली की जीव टांगणीला लागतो. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास असते आणि ती रात्री-बेरात्री जात नाही. म्हणून विकत आणलेली पिल्लं तिच्या हवाली करणं मला नेहमीच बरं वाटतं. मात्र सगळी तयारी पिल्लांचं खोकं घरी येण्याआधीच झालेली हवी, आणि त्यातली बरीचशी कोंबडीची करायची असते.

आधी ती खरंच खुडूक आहे का ते बघा. दिवसा दोन तास खोप्यात बसली म्हणजे खुडूक नव्हे. रात्री तिच्या पोटाखाली हात घाला. पिसं फुलवून गुरगुरली, चोच मारली, पण जागची हलली नाही, तर खुडूक. पोटाखालचा भाग उघडा, गरम लागतो. छातीची पिसं झडलेली असतात. अंडी २१ दिवसांत फुटतात, म्हणून तिचं बसणं जितकं २१ दिवसांच्या जवळ जाईल तितकी ती पिल्लांना लवकर आपली म्हणते. दहा-बारा दिवस तरी बसू द्या. तीन-चार दिवसांच्या खुडूक कोंबडीखाली पिल्लं घालायची घाई करू नका, ती उठून जाते. कॅलेंडरवर ती बसली त्या दिवशी खूण करा आणि पिल्लांची मागणी त्या हिशेबानं नोंदवा. तोवर तिच्याखाली पेन्सिलीनं खूण केलेली चार अंडी असू द्या, आठवड्यानं बदला; फुटलेलं अंडं राहिलं तर मुंग्या येतात.

जागा वेगळी हवी. बाकीच्या कोंबड्यांच्या खुराड्यात पिल्लं सोडली तर दुसरी एखादी टोचून मारते. आम्ही कोठ्याच्या (गोठ्याच्या) कोपऱ्यात, जिथं वारा लागत नाही, तिथं मोठं डालं ठेवतो. कोंबडीला तिथं रात्रीच हलवा, आणि पिल्लं येण्याच्या किमान दोन-तीन दिवस आधी. नव्या जागी ती दोन रात्री टिकून बसली, तरच पुढचं. भिंतीला घुशीचं बीळ असेल तर गिट्टी-सिमेंट भरून बुजवा. मोठ्या कोंबडीला अडवणारी जाळी पिल्लांना अडवत नाही, अर्ध्या इंचाची जाळी लावा. साप आणि मुंगूसही फटीतूनच येतात. आणि लाल मुंग्या. एका सकाळी डाल्यात पडलेल्या कण्यांवरून त्यांची रांग सरळ पिल्लाच्या डोळ्यापर्यंत गेलेली मी पाहिली आहे. तेव्हापासून डालं पाटावर आणि पाटाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवते.

डाल्यात अंथरायच्या तणसाकडे (धानाच्या पेंढ्याकडे) नीट लक्ष द्या. नवं तणस हाताला मऊ, वासाला गोड असतं, पण आत ओल धरलेली असते. मुठीत दाबून नाकाशी धरा. कुबट वास आला तर नको. त्यातली बुरशी पिल्लांच्या छातीत जाते आणि ती चोच उघडी ठेवून धापा टाकत मरतात. कडक उन्हात दोन दिवस वाळवलेलं, नाहीतर गेल्या वर्षीचं कोरडं तणस वापरा.

कोंबडीच्या अंगावर उवा असतील तर त्या पहिल्याच रात्री पिल्लांवर उतरतात. शेपटीखाली आणि पंखाखाली पिसं उलटी करून बघा. चुलीची चाळलेली राख आणि कोरडी माती टोपल्यात भरून तिला लोळू द्या. उवा फार असतील तर औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच लावा, पिल्लं येण्याच्या बरंच आधी.

आता पिल्लं. एका दिवसाची सर्वांत बरी, दोन दिवसांचीही चालतात. अंड्यातून निघताना त्यांच्या पोटात थोडा बलक शिल्लक असतो, त्यावर दोनेक दिवस निभतं, म्हणूनच ती खोक्यातून प्रवास करू शकतात. पण त्याच दिवसांत ती आई कोण हे शिकतात. गेल्या वर्षी माझी पिल्लं सांगितल्या दिवशी आली नाहीत; हातात पडली तेव्हा पाचव्या दिवसाची होती. कोंबडी बिचारी बोलावत राहिली, पंख पसरून बसली, आणि पिल्लं उजेडाकडे, दाराच्या फटीकडे पळत होती. बारापैकी चार थंडीनं गेली. त्यामुळे पिल्लं कोणत्या तारखेची आहेत हे पैसे देण्याआधी विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. थंडीत गावरान कोंबडीखाली आठ-दहा पुरेत. गिरिराज, वनराज या सुधारित जातींची पिल्लं लवकर थोराड होतात, दुसऱ्या आठवड्यातच पंखाखाली मावेनाशी होतात.

पाण्यासाठी मातीचा परळ आणि त्यात खडे, म्हणजे पिल्लू बुडत नाही. आल्या आल्या कोमट पाण्यात थोडा गूळ, मग मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य. कोंबडीलाही तेच चालतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य मात्र तिथं ठेवू नका, त्यातला चुना पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. कुपी बर्फात आणावी लागते आणि फोडली की दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा गल्लीतल्या चार घरांशी आधीच बोलून ठेवा.

पिल्लं कोंबडीखाली घालायची ती रात्री, घर निजल्यावर. बॅटरीवर लाल फडकं बांधा. हात चुलीजवळ शेकून घ्या. माझ्या सासूबाई सांगत, "पोरी, पिल्लू तिले दिसलं नाई पायजे, लागलं पायजे." मागच्या बाजूनं, पंखाखालून एक अंडं काढा आणि त्याच जागी एक पिल्लू सरकवा. दोनच घाला आणि बाजूला बसून ऐका. कोंबडी घशातल्या घशात हळू गुरगुरली, अंग पसरून जरा उंच झाली, तर अर्ध्या तासानं बाकीची घाला. खोक्यात थरथरणारं पिल्लू पोटाखाली जाऊन एकदा चिवचिवतं आणि मग गप्प होतं. तेवढ्यासाठी मी थंडीत तासभर बसते.

पहाटे उजाडायच्या आत तिथं हजर राहा. तिचा आवाज बदलला असेल, तुटक टुक-टुक करत दाणा उचलून पुन्हा खाली टाकत असेल, तर जमलं. डोक्यावर जोरात चोच मारत असेल तर त्याच क्षणी पिल्लं काढा. यासाठीच एक खोकं, बल्ब आणि थर्मामीटर आधीच मांडून ठेवायचा. पहिल्या आठवड्यात तिथं ३५ अंश लागतात. एखादंच पिल्लू ती झिडकारत असेल तर पुढच्या रात्री ते पुन्हा घालून बघा. तेव्हाही नाही घेतलं तर त्याला खोक्यात एक सोबती द्या आणि कोंबडीला उरलेल्यांसह चार-पाच दिवस डाल्यातच राहू द्या. सांदवाडीत (घरामागच्या आवारात) सोडायचं ते ऊन चढल्यावर, आणि घारीवर नजर ठेवायला कुणी मोठं माणूस बाहेर असेल तेव्हाच.