‘नका’ आधी म्हणा: बे एरियात नवीन आलेल्यांसाठी वॉकी-टॉकी

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला घर घेतलंत, अभिनंदन. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे भूकंपाची भेग, याच गावाखालून जाते हे एजंटने सांगितलं असेलच. गाडी, लायसन्स आणि पोळ्यांची सोय झाली की वॉकी-टॉकीची एक जोडी घ्या.

मोबाइल आहे की, असं मीही म्हणायचो. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वणव्याच्या भीतीने वीज कंपनीने वीज मुद्दाम तोडली, तेव्हा बे एरियातल्याच मरिन काउंटीतले निम्म्याहून जास्त मोबाइल टॉवर बंद पडले. घरातलं वाय-फाय तर वीज गेल्या क्षणी जातं.

दुकानात मिळणारे साधे सेट एफआरएसचे, म्हणजे ‘फॅमिली रेडिओ सर्व्हिस’ या घरगुती सेवेचे. परवाना लागत नाही, एकूण 22 चॅनेल, ताकद जास्तीत जास्त 2 वॅट. पाकिटावर 35 मैल लिहिलेलं असतं. ते एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्यावर. आमच्या गल्लीत पाऊण मैलानंतर नुसती खरखर. ‘प्रायव्हसी कोड’ने बोलणं गुप्त राहत नाही, फक्त इतरांचा आवाज तुमच्या कानाआड होतो. अडचणीच्या वेळी तो शून्यावर ठेवा. आणि यावरून 911, म्हणजे तातडीच्या मदतीचा नंबर, लागत नाही.

जास्त पल्ला हवा तर जीएमआरएस, म्हणजे ‘जनरल मोबाइल रेडिओ सर्व्हिस’; याला परवाना लागतो. 35 डॉलर, 10 वर्षं, परीक्षा नाही, एका परवान्यात घरातले सगळे. “एच-वन व्हिसावर चालतं का?” हमखास येणारा प्रश्न. चालतं. वय 18 पूर्ण हवं आणि तुम्ही परदेशी सरकारचे प्रतिनिधी नसावेत, बस. बोला खुशाल मराठीत, कॉल साइन, म्हणजे परवान्याबरोबर मिळणारी ओळख, मात्र इंग्रजीत सांगावी लागते. याच्याही पुढे हॅम, म्हणजे हौशी रेडिओ: त्याची पहिली परीक्षा 35 प्रश्नांची, 26 बरोबर आले की पास. मोर्स कोड 2007 पासून हॅमच्या कुठल्याच परीक्षेला लागत नाही. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो. ‘अपेक्षित’ पाठ करून बारावी काढलेल्यांना आणखी काय सांगायचं!

खरी गोची बोलण्यात आहे. सेटवरचं बोलायचं बटण दाबल्या दाबल्या बोललात तर पहिला शब्द गिळला जातो, घाईने सोडलंत तर शेवटचा. पहिल्याच सरावात बायको शाळेजवळून म्हणाली, “रस्ता बंद आहे, इकडे येऊ नका.” मला ऐकू आलं, “बंद आहे, इकडे येऊ.” काय बंद ते कळलं नाही, पण ती घरी येतेय की मला बोलावतेय, या विचारात मी बूट घालून निघालोसुद्धा. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो आणि बटण नेमकं शेपूटच कापतं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: बटण दाबा, एक सेकंद थांबा, “नको, नको” आधी म्हणा, मग बाकीचं. ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं. दोघांनी एकदम बोलायची आपली सवयही इथे चालत नाही, एका वेळी एकालाच बोलता येतं.

सेट कपाटात ठेवताना अल्कलाइन सेल काढून ठेवा, गळले तर आतलं सगळं गंजतं. भूकंप झाला की आधी पुण्याला फोन लावत बसू नका. कॅलिफोर्नियाबाहेरचा एक नातेवाईक ठरवा, त्याला एसएमएस करा, तो आईला कळवेल. आणि भारतात जाताना भाच्यासाठी हे सेट नेऊ नका, ही फ्रिक्वेन्सी तिथे विनापरवाना चालत नाही.

आमच्या गल्लीतली चार घरं रविवारी संध्याकाळी 7 वाजता चॅनेल 5 वर असतात. पाच मिनिटांचं काम, त्यातली तीन भाजीच्या गप्पांत जातात. सेट आणलात की या.