ठिबकवरचा प्रेशर सेन्सर चुकतोय? आधी शून्य बघा

पाऊस ओसरला, सासवड-दिवे भागात अंजिराच्या मीठा बहाराचं पाणी सुरू झालं, की चार महिने पडून असलेलं ठिबक पुन्हा चालू होतं. ज्यांनी फिल्टरजवळ प्रेशर सेन्सर बसवून तो आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डाला जोडलाय, त्यांची कटकट नेमकी याच दिवसांत सुरू होते.

मागच्या वर्षी माझा सेन्सर मोटार बंद असतानाही ०.७ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब दाखवत होता. बिघडला म्हणून पुण्याला तापकीर गल्लीत जाऊन नवा आणला. नव्यानेही तेच दाखवलं! मग डोक्यात उजेड पडला. बाग सेन्सरपेक्षा सातेक मीटर उंचावर, वरचा व्हॉल्व्ह बंद आणि मेनलाइन पाण्याने भरलेली. दहा मीटर उभ्या पाण्याचा दाब साधारण एक किलो होतो, म्हणजे सेन्सर खरंच सांगत होता. तेव्हा शून्य बघायचं तर मोटार बंद करून सेन्सरजवळचा फ्लश व्हॉल्व्ह उघडा, पाइप मोकळा होऊ द्या आणि मगच आकडा वाचा.

बाजारात सर्रास मिळणारा तीन वायरचा सेन्सर पाच व्होल्टवर चालतो. दाब नसताना सिग्नल ०.५ व्होल्ट, पूर्ण दाबाला ४.५. मल्टिमीटर लावून हे ०.५ आधी मोजा. आर्डुइनो उनोवर त्याचा आकडा (० ते १०२३ पैकी) १०२ च्या आसपास येतो. मीटरवर ०.५ बरोबर आणि स्क्रीनवर भलतंच, तर सेन्सरला शिव्या देऊ नका. वायर, जोड किंवा प्रोग्राम बघा. आकडा भरकटत असेल तर बहुधा सिग्नलची वायर सुटलेली असते. पावसाळ्यानंतर जोडावर हिरवट गंज आणि डब्यात मुंग्या हमखास सापडतात.

ईएसपी-३२ वाल्यांनी जरा थांबून वाचा. त्याच्या पिनला ३.३ व्होल्टच्या वर चालत नाही. एरवी ठिबकचा दाब कमी म्हणून निभावतं, पण एखाद्या दिवशी पुढचे सगळे व्हॉल्व्ह बंद राहिले आणि मोटार सुरू झाली की सिग्नल वर चढतो आणि पिन जाते. म्हणून सिग्नलच्या वाटेत १० के (किलो-ओहम) आणि पिनपासून ग्राउंडला २० के रेझिस्टर लावा, ४.५ चे ३ व्होल्ट होतात. ग्राउंड दोन्हीकडचं एकच हवं. वायफाय चालू असताना काही अ‍ॅनालॉग पिना वाचनच देत नाहीत, त्यामुळे ३२ ते ३९ मधलीच पिन घ्या.

मोटार सुरू होताच आकडा नाचतो? सिग्नलची वायर मोटारीच्या केबलला बांधून नेलेली असणार. ती केबलपासून दूर न्या, दहा-वीस वाचनांची सरासरी घ्या.

सेन्सर पाइपच्या खालच्या अंगाला बसवू नका, तोंडात गाळ बसतो. मग मोटार चालू असो वा बंद, आकडा हलत नाही. वरच्या किंवा बाजूच्या अंगाला, मध्ये छोटा बॉल व्हॉल्व्ह टाकून बसवा. ड्रिपर साफ करायला आम्ल सोडाल तेव्हा तो आठवणीने बंद करा, आणि लाइन साध्या पाण्याने धुतल्यावरच उघडा.