शिलाईतली माया: लहान मुलांच्या कपड्यांच्या धंद्यात येणाऱ्यांसाठी

बीबीए करून मी बेळगावात गणपत गल्लीजवळच्या एका लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात लागले. ब्रँड म्हणजे नाव, लोगो आणि छान पिशवी, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. या क्षेत्रात यायचं असेल तर पहिले सहा महिने काउंटर सोडू नका, असं मी कळकळीनं सांगते.

खानापूरकडच्या एक मावशी नातीसाठी फ्रॉक बघायला आल्या होत्या. ‘वाढत्या अंगाचा दाखवा की.’ मी दाखवला. त्यांनी तो उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ह्यात माया कुठं सोडल्यात?’ माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. आमच्या फ्रॉकला कडेनं ओव्हरलॉक मारून सगळं छाटलेलं. मावशी फ्रॉक ठेवून गेल्या. टिकाऊपणावर मी कॉलेजात सादरीकरणं केली होती, पण माझी खरी शिकवणी ती.

पहिल्या वर्षात बाळाचा कपडा दोन-तीन महिन्यांतच आखूड होतो. तो विरत नाही, अंगाला होईनासा होतो. म्हणून कापूस कुठला हे विचारण्याआधी एक कपडा किती दिवस आणि किती मुलांच्या अंगावर राहील ते विचारा. आम्ही घेराला दोन इंचांची दुमड आणि बाजूंना माया द्यायला लागलो. कापड जास्त लागलं, किंमत थोडी वाढवावी लागली. पण दुमड उसवून दाखवली की गिऱ्हाइकाला वेगळं काही सांगावं लागत नाही.

‘ऑरगॅनिक’ या शब्दानं मात्र आम्हाला पोळलं. एका पुरवठादारानं प्रमाणपत्राची झेरॉक्स दिली, आम्ही त्या भरवशावर टॅग छापले. एका आईनं कागद मागितला तेव्हा कळलं की ते प्रमाणपत्र कारखान्याचं होतं, आमच्या मालाचं नव्हतं. गॉट्स म्हणजे सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय मानक; त्यात कारखान्याचं स्कोप सर्टिफिकेट वेगळं आणि त्या-त्या खेपेचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट वेगळं. दुसरं हातात आल्याशिवाय टॅग छापू नका. शिवाय गॉट्सच्या लेबलला किमान ७० टक्के सेंद्रिय धागा लागतो, नुसतं ‘ऑरगॅनिक’ म्हणायला ९५ टक्के. पर्यावरणाबद्दलच्या फसव्या दाव्यांवर केंद्र सरकारनं २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती मुळातून वाचा. आम्ही सगळे टॅग हातानं कापून काढले. दोन दिवस लागले. त्या आईला फोन करून खरं काय ते सांगितलं, त्या आजही येतात.

रंगाची चौकशीही तितकीच महत्त्वाची, कारण बाळ कपडा चोखतं. आपल्याकडे ११२ घातक रंगांवर बंदी आहे, तरी चाचणीचा अहवाल मागाच. ओइको-टेक्स या कापडातली घातक रसायनं तपासणाऱ्या प्रमाणपत्रात तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी पहिला, सगळ्यात कडक वर्ग असतो.

भाषेचं थोडक्यात: कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं. धुण्याच्या सूचना आम्ही कन्नड आणि मराठी दोन्हींत, शब्दांत लिहितो. बादली-इस्त्रीची चित्रं फार कमी जणांना उमगतात.

वापरलेले कपडे परत घेऊन विकायचा प्रयोगही केला. चालला नाही. आपल्याकडे बाळाला पहिलं झबलं जुन्या मऊ कापडाचं घालतात, पण ते ओळखीच्या घरचं. परक्याचं उतरलेलं विकत घ्यायला मन धजत नाही, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. मग आम्ही कपडा घरातल्या घरात फिरावा म्हणून आत एक पट्टी शिवली, नावांसाठी तीन रिकाम्या ओळींची. उसवणं, माया सोडणं, इलास्टिक बदलणं फुकट करतो. परवा निपाणीहून एक फ्रॉक आला, पट्टीवर दोन बहिणींची नावं, पहिलं धुऊन धुऊन पुसट झालेलं. आता आम्ही पट्टीबरोबर सुई आणि लाल दोरा देतो, नाव पेनानं लिहू नका, दोऱ्यानं भरा म्हणून सांगतो.