म्वांझाला निघालेल्या आपल्या गावच्या मुलांसाठी : तिथल्या पाण्याविषयी

सुट्टीवर गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या गावी आलो असताना, पुढच्या महिन्यात टांझानियात म्वांझाला कामाला निघालेली मुले मामा तलावाच्या पाळीवरून पाण्यात उड्या मारताना पाहिली, म्हणून हे लिहीत आहे. तिथला बाजार आणि कामापुरती स्वाहिली हळूहळू अंगवळणी पडते. तळ्यात उतरण्याची सवय मात्र इथेच सोडून जावी लागते.

व्हिक्टोरिया सरोवराच्या गोड्या पाण्यात बिल्हार्झिया हा कृमिरोग आहे. तिथे त्याला किचोचो म्हणतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना नारू ठाऊक आहे, आणि तो पिण्याच्या पाण्यातून येत असल्यामुळे पाणी गाळून प्यायले की भागले, अशी आपली समजूत असते. किचोचोचे तसे नाही. रोग्याच्या शौचातून गेलेल्या अंड्यांतून निघालेले जंतू गोगलगाईच्या अंगात वाढतात, आणि मग तिच्यातून बाहेर पडलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या माणसाच्या उघड्या कातडीतून काही मिनिटांत आत शिरतात. भर उन्हात, म्हणजे नेमके पोहावेसे वाटते तेव्हा, त्या सर्वांत जास्त असतात. ही गोगलगाय नखाएवढी, चकलीसारख्या चपट्या वेढ्याची असून काठच्या गवताला चिकटलेली सापडते; पण ती दिसली नाही म्हणून पाणी निर्धोक ठरत नाही.

सरोवराचे पाणी आंघोळीला घ्यावे लागलेच, तर ते उकळून गार करावे, किंवा गोगलगाय शिरणार नाही अशा झाकणाच्या टाकीत दोन दिवस साठवून मग वापरावे. चुकून पाण्यात पडल्यास अंग टॉवेलने खसखसून पुसावे, मात्र त्यावर विसंबू नये.

पहिल्या वर्षी मी स्वतः दर रविवारी खडकावर बसून पाय पाण्यात सोडत असे. गावी आल्यावर पोट दुखू लागले, शौचातून रक्त पडू लागले, आणि नागपुरात दोन महिने आवेचे औषध चालले. दोष डॉक्टरांना काय द्यावा? १९५२ साली उजेडात आलेले रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी सोडले तर हा रोग आपल्याकडे ऐकिवात नाही, आणि सरोवराचा विषय मीही काढला नव्हता. शेवटी शौचाच्या तपासणीत अंडी सापडली आणि वजनाच्या हिशेबाने दिलेल्या प्राझिक्वांटेलच्या गोळ्यांनी काम झाले.

पाण्याशी शेवटचा संबंध आल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी, कारण त्याआधी ती बहुधा काहीच दाखवत नाही. डॉक्टरांना मात्र सरोवराचे आधी सांगावे, पोटदुखीचे नंतर.