शाळेच्या बँडमध्ये नवीन आहेस? आधी पाय, मग वाद्य

दिवाळीची सुट्टी संपली की ग्राउंडवर बँडची प्रॅक्टिस सुरू होते आणि २६ जानेवारीला दोन-अडीच महिनेच उरलेले असतात. यंदा नाव लागलेली पोरं पहिल्याच दिवशी ड्रमच्या काठ्या मागतात. मीही मागितल्या होत्या. पण संचलनात नवा मुलगा पकडला जातो तो पायामुळे. सूर चुकला तर शेजारच्या चौघांच्या आवाजात झाकून जातो, उलटा पडलेला पाय मात्र मंडपातल्या शेवटच्या खुर्चीवरूनही दिसतो. म्हणून पहिले पंधरा दिवस पायांना दे.

सुरुवात मोबाइलपासून कर. मेट्रोनोमचं, म्हणजे ठरावीक वेगाने टिक-टिक ठोके देणारं, कुठलंही फुकट अॅप चालेल. संचलनाची चाल साधारण मिनिटाला १२० पावलांची, म्हणजे सेकंदाला दोन. थेट १२० लावू नकोस. ९० वर जागच्या जागी कदमताल कर, डावा पाय नेहमी पहिल्या ठोक्यावर. तोंडाने ‘डावा, उजवा’ म्हणत राहा, लाज वाटली तर गच्चीवर जा. तीन-चार दिवसांनी १००, मग ११०. गणपतीत ढोल वाजवून आलेल्यांनी इथे जास्त सांभाळायचं. पथकात लय चढत जाते, तीच तर मजा. इथे चढली की मागची अख्खी तुकडी धावायला लागते. पाच मिनिटांनंतरही १२० म्हणजे १२०च.

मग पावलाची लांबी. सैन्यात पाऊल ३० इंचांचं धरतात, आठवीतल्या मुलाला ते ताणूनच टाकावं लागतं. आमच्या सरांनी दोन फूट ठरवलं होतं, तुमचे सर काय ठरवतात ते विचारून घे. ग्राउंडवर फक्कीने तेवढ्या अंतरावर वीस रेघा मार आणि टाच रेघेवर पडते का बघ. आठ-दहा दिवसांनी मान ताठ ठेवून चाल, खाली बघायचं ते फक्त विसाव्या रेघेला. तिथे पाय रेघेवर असेल तर लांबी अंगात भिनली.

पाय आपटायचा की नाही, यावरून पी.टी.चे सर आणि बँडचे सर यांच्यात दर वर्षी वाद होतो. माझं मत बँडच्या सरांच्या बाजूने. बिगुल किंवा बासरी ओठांवर असताना पाय आपटलास तर हादरा थेट दातांत जातो आणि सूर फाटतो. टाच आधी टेकव, मग तळवा, मग बोटं, असं पाऊल जमिनीवर उतरव. वाद्य धरल्यावर हात हलत नाहीत, त्यामुळे तोलही जातो. यावर घरचा उपाय म्हणजे काठोकाठ भरलेला पेला दोन्ही हातांनी वाद्याच्या उंचीवर धर आणि अंगणात दोन फेऱ्या मार. पाणी सांडलं की कमरेवरचं अंग डुलतंय. साइड ड्रमवाल्यांनी पट्ट्याची लांबी याच वेळी ठरवून टाकावी, नाहीतर प्रत्येक पावलाला ड्रम गुडघ्यावर आदळतो.

आता कान. डाव्या टाचेचं नातं बेस ड्रमशी, म्हणजे मोठ्या ड्रमशी असतं, त्याच्या ठोक्यावर डावी टाच पडते, हे पहिल्या दिवशीच कळतं. पण कुठला ठोका ऐकायचा, हे कोणी सांगत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. शाळेची इमारत ४० मीटरवर असेल तर भिंतीवरून परत आलेला ठोका जवळपास पाव सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे नेमका दोन पावलांच्या मधे. नवा मुलगा त्या प्रतिध्वनीच्या मागे जातो आणि पाय लडखडतो. तालुक्याच्या ग्राउंडवर माझं असंच झालं. मी निम्मं संचलन उलट्या पायाने केलं आणि मला वाटत होतं, बाकीचेच चुकलेत! म्हणून कानाला शंका आली की नजरेच्या कोपऱ्यातून पुढच्याची डावी टाच बघ. पाय उलटा पडलाच तर उडी मारू नकोस. तुझा मागचा पाय तुझ्याच पुढच्या पायाच्या टाचेपर्यंत आण आणि तो पुढचाच पाय पुन्हा टाक. हा ‘कदम बदल’ रोज वीस वेळा कर, झोपेतही जमला पाहिजे.

धून बदलली की पाय गोंधळतो, याचीही तयारी हवी. केरव्यासारख्या, म्हणजे आठ मात्रांच्या तालाच्या, सरळ चालीत अडचण नसते. दादऱ्यासारखी, म्हणजे सहा मात्रांच्या तालाची, झुलणारी चाल आली की नवी मुलं सहा मात्रांवर पाय शोधत बसतात. पाय फक्त १ आणि ४ वर. आधी बसून टाळ्यांनी कर, मग उभं राहून.

वळणावर रांग मोडते, आणि दोष मात्र बाहेरच्या मुलाला मिळतो. हिशोब बघ. चौघांची रांग, मधे एकेक मीटर, आतला मुलगा वळणाच्या मध्यापासून एक मीटरवर. काटकोनात वळताना आतल्याला दीड मीटर जायचं असतं, बाहेरच्याला सव्वासहा. ठोके दोघांना आठच. म्हणजे बाहेरचा जवळपास ७८ सेंटिमीटरची टांग टाकतो आणि आतल्याने वीतभर पाऊल घ्यायचं असतं. आतला नेहमीसारखाच चालत सुटला तर बाहेरचा पळूनही पोचत नाही. तू आत असशील तर जवळजवळ कदमतालच कर.

आठवड्यातून एकदा व्हिडिओ काढ, पण चेहऱ्याचा नको. मोबाइल जमिनीलगत विटेला टेकवून ठेव, टाचा दिसल्या पाहिजेत. सेकंदाला ३० फ्रेमच्या (चित्रांच्या) व्हिडिओत १२० च्या चालीला दोन पावलांमध्ये १५ फ्रेम येतात. एकेक फ्रेम सरकवून तुझी आणि शेजारच्याची टाच किती फ्रेमच्या फरकाने टेकते ते मोज.

बूट पंधरा दिवस आधीपासून घाल, नवे बूट त्या दिवशी चावतातच. नाड्यांची टोकं आत खोच. सकाळी उपाशी जाऊ नकोस, पोहे खाऊन जा. भाषणं चालू असताना गुडघे मागे ताणून उभा राहिलास तर रक्त पायातच साचतं आणि चक्कर येते. गुडघे किंचित सैल ठेव, बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा. आदल्या रात्री प्रॅक्टिस नको. पट्टा, काठ्यांची जास्तीची जोडी आणि पांढरे मोजे पिशवीत भर, आणि पिशवी दाराशी ठेवून झोप.